आठ मात्रा आणि एक पांढरी पायवाट

बालकवींच्या ‘औदुंबर’मधली पाचवी ओळ मोठ्यानं म्हणताना मी दर वेळी किंचित अडखळते. कविता पाठ आहे, शब्द साधे आहेत, जिभेला जड जाईल असं एकही जोडाक्षर त्या ओळीत नाही. पहिल्या चार ओळी म्हणून होईपर्यंत चाल चांगली अंगात भिनलेली असते. मग ‘पायवाट पांढरी’ येतं आणि चालीला बारीकशी ठेच लागते. पायरी संपली असं वाटून पाऊल टाकावं आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तसं काहीतरी होतं.

ही ठेच कुठून येते ते अर्थाकडे कितीही वेळ बघितलं तरी कळत नाही. मोजावं लागतं. कविता आठच ओळींची आहे, तेव्हा ती पुढ्यात घेऊनच बोलू.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन.
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे.
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.

मोजायचं कसं हे शाळेत शिकलेलं असतं आणि परीक्षेनंतर विसरलेलं असतं. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. जोडाक्षराचा आघात आधीच्या अक्षरावर आला तर ते ऱ्हस्व असूनही दोन मात्रांचं होतं. पण मराठीत ‘मळ्यांची’ किंवा ‘हिरव्या’ म्हणताना ‘म’वर किंवा ‘र’वर असा आघात येत नाही, म्हणून ती अक्षरं एकाच मात्रेची राहतात. इथे पुस्तकी नियमापेक्षा कान मोठा. ‘चार घरांचे’ : २, १, १, २, २. आठ. ‘गाव चिमुकले’ : आठ. ‘पैल टेकडी’ : पुन्हा आठ. आणि उरलं ‘कडे’ : तीन. एकूण २७.

सगळ्या ओळी याच मापाच्या. दुसरी, सातवी आणि आठवी काटेकोर मोजली तर २६ भरतात, पण चरणाच्या शेवटचं लघू (एका मात्रेचं) अक्षर ओढून गुरू (दोन मात्रांचं) करायची सवलत आपल्या छंदःशास्त्रानं फार पूर्वीपासून दिलेली आहे. म्हणताना आपण ते आपोआप करतोच. माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, यांनी मराठी छंदांची जी मांडणी केली तिच्यात आठ मात्रांच्या आवर्तनाला ‘पद्म’ म्हटलं आहे, कमळाच्या आठ पाकळ्यांवरून. सहाचं ते ‘भृंग’, कारण भुंग्याला सहा पाय. रुक्ष म्हणून बदनाम झालेल्या या शास्त्राला अशी गंमत करायला कधी कधी फुरसत मिळालेली आहे. तर ही कविता पद्मावर्तनी. तीन पद्मं पूर्ण आणि चौथ्याच्या तीन मात्रा. म्हणजे चार आवर्तनांचा, ३२ मात्रांचा फेरा धरला, तर त्यातल्या २७ शब्दांनी भरलेल्या आणि शेवटच्या ५ रिकाम्या. दर ओळीच्या शेवटी पाच मात्रांची उसंत. या कवितेत घाई नाही असं सगळेच म्हणतात. त्या घाई नसण्याचा थोडा भाग तरी या पाच रिकाम्या मात्रांत आहे.

आता आठ-आठ मात्रांवर उभ्या रेघा मारून बघू. ‘ऐल तटावर | पैल तटावर’, ‘निळासावळा | झरा वाहतो’, ‘चार घरांचे | गाव चिमुकले’, ‘शेतमळ्यांची | दाट लागली’. रेघ दर वेळी बरोबर दोन शब्दांच्या मधे पडते. ओळीतला शब्द आणि आवर्तन एकाच वेळी संपतात, म्हणून त्या ओळी घरंगळत जातात. शेवटच्या ओळींतही तसंच : ‘झाकळुनी जळ | गोड काळिमा’, ‘पाय टाकुनी | जळात बसला’.

आणि पाचवी? ‘पायवाट पां | ढरी तयांतुनि’.

रेघ ‘पांढरी’च्या पोटातून जाते. आवर्तन संपतं तेव्हा शब्द अर्धाच झालेला असतो. सहाव्या ओळीतही असंच, जरा सौम्यपणे : ‘हिरव्या कुरणा | मधुनि चालली’. इथे रेघ शब्द आणि शब्दयोगी अव्यय यांच्या सांध्यावर पडते, पण शब्द एकच आहे. आठ ओळींत पहिल्या किंवा दुसऱ्या रेघेनं शब्द तोडला असं फक्त या दोनच ठिकाणी घडतं. (तिसऱ्या रेघेचा हिशेब वेगळा. तिच्यापुढे तीनच मात्रा उरतात, त्यामुळे ‘टेकडी | कडे’ आणि ‘लाटां | वर’ असं तुटणं तिथे नेहमीचंच आणि कानाला त्याची सवय होते.) या दोन ओळींत काय आहे? पायवाट आहे. पाचवीत ती पडते, सहावीत ती चालते, दोन्हींचा कर्ता तीच. ‘अडवीतिडवी’ हा शब्द कवीनं लिहिला आहे खरा, पण तो यायच्या आधीच ओळ वाकडी झालेली असते.

आणखी जरा खोलात जाते, कारण ठेच नेमकी कुठे लागते ते अजून पूर्ण सांगून झालेलं नाही. या कवितेत आठ मात्रा भरायची एक आवडती रीत आहे : तीन, तीन, दोन. ‘निळा-साव-ळा’. ‘झरा-वाह-तो’. ‘दाट-लाग-ली’. ‘गोड-काळि-मा’. ‘पाय-टाकु-नी’. हे इतक्या वेळा येतं की कान त्याची वाटच बघू लागतो : दोनदा तीन झाले की आता दोन येणार आणि शब्द संपणार. ‘पाय-वाट-’ हे दोन तीनाचे तुकडे झाले. आता दोन मात्रांत काहीतरी संपायला हवं. तिथे येतं ‘पांढ’, तिसरा तीनाचा तुकडा. कानाचा अंदाज चुकतो. मग ‘ढरी-तयां-तुनि’ म्हणत ओळ पुन्हा तीन-तीन-दोनवर येते, पण तोवर ठेच लागून गेलेली असते.

हा निव्वळ योगायोग असेल, असं कुणी म्हणेल. म्हणावंच. अशा वेळी मी एक साधी गोष्ट करते. वृत्त न मोडता ओळ बदलून बघते. ‘वाट पांढरी तयांमधूनी अडवीतिडवी पडे’. मोजून घ्या : आठ, आठ, अकरा. एकही मात्रा इकडची तिकडे नाही आणि रेघ दोन शब्दांच्या मधे. अर्थातही काडीचा फरक पडत नाही. वाट तीच, रंग तोच. पण म्हणून बघा. वाट गुळगुळीत होते. कुणीतरी तिच्यावर रोलर फिरवल्यासारखी. ‘अडवीतिडवी’ आता फक्त एक माहिती उरते. बालकवींच्या हाती ही सोपी ओळ नव्हती असं नाही. त्यांनी ती घेतली नाही. ठरवून नाकारली की कानालाच ती आवडली नाही, हे सांगता येणार नाही, आणि मला तो प्रश्न फारसा महत्त्वाचाही वाटत नाही. चांगल्या कवीचा कान हा त्याच्या बुद्धीचाच भाग असतो.

मोजायला लागलं की एक धोका असतो, तोही इथेच बोलून टाकते. सगळीकडे खुणा दिसू लागतात. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी, यांचा जन्म १८९० सालच्या ऑगस्टमधला, आणि १९१८च्या मे महिन्यात जळगावजवळ भादली स्टेशनवर रेल्वेखाली त्यांचा मृत्यू झाला. वय २७. ओळीच्या मात्रा २७. मोजणीची खुमखुमी अंगात आलेल्या माणसाला इथे काहीतरी गूढ सापडल्याचा आनंद होऊ शकतो. या जुळण्याला शून्य अर्थ आहे. ओळ बदलून बघायची परीक्षा इथे लागूच होत नाही, यावरूनच ते कळतं. ‘पांढरी’ची जागा हलवली की कवितेत काहीतरी बिघडतं. कवीच्या वयाचा आकडा बदलला तर एकाही ओळीचं काही बिघडत नाही. पण या मृत्यूची सावली मागे जाऊन कवितेवर पडलेली आहे हे खरं, आणि काळा डोह म्हणजे मृत्यू, औदुंबर म्हणजे विरक्त योगी, असं वाचणारे पुष्कळ आहेत. औदुंबराखाली दत्त असतोच, त्यामुळे योगी सहज सुचतो. मला ते वाचन चुकीचं वाटत नाही, घाईचं वाटतं. कविता जे सांगत नाही ते वाचकानं सांगायला हरकत नसते, पण कविता जे करते आहे ते आधी बघून घ्यावं.

ती काय करते आहे हे यमकांत चांगलं दिसतं. पहिल्या दोन ओळी व्यंजनावर संपतात : घेऊन, बेटाबेटातुन. शेवटच्या दोनही तशाच : लाटांवर, औदुंबर. मधल्या चार मात्र उघड्या स्वरावर : कडे, पुढे, पडे, कडे. कविता दोन-दोन ओळींची असली तरी या चार ओळी आवाजानं एकमेकींना धरून आहेत आणि दोन्ही टोकांना दोन-दोन ओळींची कुंपणं आहेत. जुन्या पंडितांना ‘कडे’ला ‘पुढे’ हे यमक हिणकसच वाटलं असतं. ‘ड’ आणि ‘ढ’ एक नव्हेत आणि आधीचा स्वरही जुळत नाही. मोरोपंतांनी तर असं यमक ओसरीवरही उभं केलं नसतं. पण या चार शब्दांचा अर्थ बघा. कडे, पुढे, पडे, कडे. दिशा, दिशा, पडणं, दिशा. यमकाची जागा ही ओळीतली सगळ्यात जास्त ऐकू येणारी जागा, आणि तिथे चारही वेळा कुठेतरी जाणं आहे. पहिलं ‘कडे’ टेकडीचं, शेवटचं डोहाचं. नजर वर चढते आणि खाली उतरते. पांढरी पायवाट म्हणजे या दोन ‘कडे’मधलं अंतर.

मग सातव्या ओळीपासून दिशा संपतात. ‘वर’ येतं, ‘बर’ येतं. जाणं थांबलं.

क्रियापदांची रांग लावली तरी हेच दिसतं : वाहतो, लागली, पडे, चालली, पसरी, बसला. झरा वाहतो, वाट पडते आणि चालते, काळिमा पसरतो. सरळसोट स्थिर असं क्रियापद एकच, आणि ते सगळ्यात शेवटचं. गावाच्या ओळीला तर क्रियापदच नाही. ‘चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे’. ते नुसतं आहे. माणसांची घरं असलेल्या एकमेव ओळीत कुणी काही करत नाही, आणि झाड मात्र पाय टाकून बसतं! ‘पाय’ हा शब्दही दोनदा येतो आणि दोन्ही वेळा ओळीच्या तोंडाशीच : पायवाट, आणि पाय टाकुनी. चालणारा पाय आणि बसलेला पाय.

शाळेतला प्रश्न असा असायचा : पुढील ओळींतील अलंकार ओळखा. उत्तर, चेतनगुणोक्ती, झाडावर माणसाचे गुण लादले आहेत म्हणून. फार तर ‘गोड काळिमा’त चवीचं विशेषण रंगाला लावलं आहे हे कुणी सांगायचं. गुण मिळायचे, पान उलटायचं. कवितेचं विश्लेषण म्हणजे कवितेची हत्या, असं जे म्हणतात त्यांच्या डोक्यात बहुधा हा प्रश्न असतो, आणि त्या प्रश्नापुरतं मी त्यांच्याच बाजूची आहे. अलंकाराचं नाव सांगून कवितेबद्दल काहीच कळत नाही. चेतनगुणोक्ती तर जाहिरातींतही असते. विचारायचं ते हे की ती इथेच का आली, आत्ताच का आली. सहा ओळी कवीनं एकाही वस्तूला माणूस केलेलं नाही. वाट चालते, पण मराठीत वाट चालतेच, त्यात कवीचं काही नाही. हे सगळं राखून ठेवून शेवटच्या ओळीत एकदाच झाडाला पाय दिले.

त्याहून मला आवडतं ते सातव्या ओळीतलं ‘पसरी’. जुन्या धर्तीच्या मराठीत अकर्मक क्रियापदाला ‘ए’ लागतो आणि सकर्मकाला ‘ई’ : तो बसे, तो पडे, पण तो करी, तो मारी. पाचव्या ओळीत वाट ‘पडे’. सातवीत ‘पसरे’ नाही, ‘पसरी’. म्हणजे काळिमा आपला आपण पसरत नाही, कुणीतरी तो पसरतो आहे. कोण? ओळ संपते तरी सांगत नाही. पुढची ओळ सुरू होते, पाय येतात, पाणी येतं, बसणं येतं आणि सगळ्यात शेवटच्या शब्दाला कर्ता सापडतो. पाण्यावर सावली आधी दिसते आणि ती कुणाची हे मान वर केल्यावर कळतं, त्याच क्रमानं हे वाक्य बांधलेलं आहे. हे रूपक नव्हे, प्रतिमाही नव्हे. नुसतं व्याकरण. अलंकारांच्या यादीत याला नाव नाही, म्हणून त्यावर कधी प्रश्न आला नाही.

वृत्ताला स्वतःची भावना असते, असंही आपल्याला शिकवलेलं असतं. भुजंगप्रयात संथ उपदेशाचं, मंदाक्रांता विरहाचं. मंदाक्रांतेबद्दल काही अंशी पटतं : आधी चार गुरू, मग सलग पाच लघू, मग पुन्हा रेंगाळणं. १७ अक्षरांच्या त्या चरणाची घडणच हुंदक्यासारखी आहे आणि कालिदासानं अख्खं ‘मेघदूत’ तिच्यात लिहून तिच्यावर कायमचा शिक्का मारून ठेवला. अक्षरगणवृत्तात प्रत्येक जागेचा लघू-गुरू ठरलेला असतो, त्यामुळे चालही ठरलेली. नुसत्या मात्रा मोजून बांधलेल्या वृत्ताला ‘जाती’ म्हणतात, तिच्यात तसं नाही. तिथे बेरीज ठरलेली असते, ती कशी भरायची ते कवीवर.

‘औदुंबर’ ज्या जातीत आहे तिचं नाव समुदितमदना. हे नाव जयदेवाच्या ‘गीतगोविंदा’तल्या ओळीवरून आलेलं : ‘समुदितमदने रमणीवदने चुम्बनवलिताधरे’. मोजा : आठ, आठ, आठ, तीन. पाण्यात पाय सोडून बसलेल्या झाडाची ओळ आणि ही ओळ, दोघींचं माप एकच. जयदेवाची ओळ लघूंनी खच्चून भरलेली आहे. ‘समुदितमद’ ही सहाच्या सहा अक्षरं लघू. ती धावते. बालकवींची त्याच मापात सावकाश चालते.

आठ मात्रांचं हेच आवर्तन दोनदा घेतलं की १६ मात्रांचा चरण होतो, आणि मराठी कवितेतल्या दोन अतिशय वेगळ्या आवाजांनी तो वापरला आहे. केशवसुतांची १८९३ मधली ‘तुतारी’ : ‘एक तुतारी द्या मज आणुनि / फुंकिन मी जी स्वप्राणाने / भेदुनि टाकिन सगळी गगने / दीर्घ जिच्या त्या किंकाळीने’. आणि मर्ढेकरांचं ‘पिपांत मेले ओल्या उंदिर, / माना पडल्या, मुरगळल्याविण’. रणशिंग आणि मेलेले उंदीर एकाच तालात. मग फरक कुठे पडतो? आठ मात्रा कशानं भरल्या आहेत तिथे. ‘स्वप्राणाने’ : चार गुरू. ‘किंकाळीने’ : पुन्हा चार गुरू. तुतारीत जिथे छाती भरून हवा सोडायची तिथे केशवसुतांनी एकही लघू येऊ दिलेला नाही. मर्ढेकरांच्या ओळीत ‘मुरगळ’ हे चार लघू लागोपाठ, आणि ते ज्या क्रियेचे आहेत ती क्रिया घडलेलीच नाही. ‘विण’नं ती नाकारली आहे. माना आपसूक पडल्या. अंगाईला शोभेल अशा संथ चालीत ही गोष्ट सांगितलेली आहे आणि अंगावर काटा येतो तो त्या चालीमुळे. वृत्ताच्या ठायी एकच भावना असती तर हे जमलं नसतं. कवितेतल्या लयीचा विचार करताना संवादाइतकाच विरोधाला मान देणारे मर्ढेकरच होते, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

ही चार गुरूंची खूण घेऊन मी ‘औदुंबर’कडे परत गेले तेव्हा तिथेही ती निघाली. प्रत्येक ओळीचं तिसरं पद्म बघायचं. ‘पैल टेकडी’, ‘हिरवी गर्दी’, ‘अडवीतिडवी’, ‘पसरी लाटां’ : सगळीकडे लघू मिसळलेले. निव्वळ चार गुरू दोनच ओळींत. दुसरी, ‘बेटाबेटा’. सहावी, ‘काळ्या डोहा’. एकीत झरा बेटांमधून वळणं घेतो, दुसरीत वाट पाण्याशी येऊन पोचते. सहावीत तर ‘मधुनि’चे तीन लघू नुकतेच घाईनं होऊन गेलेले असतात आणि ‘चालली’तून जीभ एकदम या चार जड अक्षरांवर येते. तिथे कुणालाही वेग ठेवता येत नाही, म्हणून बघावं.

आवाजांचंही तसंच, पण थोडक्यात. पाचव्या ओळीत ट, ढ, ड, ड, ड. जीभ टाळूवर आपटत राहते. सातव्या ओळीत ‘ळ’ तीनदा : झाकळुनी, जळ, काळिमा. अनुप्रास म्हणून याची नोंद होईल. मी एवढंच म्हणेन की ‘ळ’ कवितेभर विखुरलेला आहे, हिरवाळीपासून, आणि सावली पडते तिथे तो गोळा होतो. अनुप्रासाबद्दल मला याहून जास्त बोलावंसं वाटत नाही. आवाजांतून अर्थ काढण्याला लगाम नसतो, आणि मराठीत ‘ळ’ कुठे नसतो?

एक जागा राहते, ती मला मोजूनही सुटलेली नाही. आठव्या ओळीत ‘जळात बसला असला औदुंबर’. १६ मात्रा ‘बसला’वर पुऱ्या होतात, म्हणजे यती, ओळीत थांबायची जागा, तिथे. यती पाळून म्हटलं तर वाक्य ‘बसला’शी संपतं आणि मग ‘असला औदुंबर’, हा असा, या तऱ्हेचा औदुंबर, असं बोट दाखवून येतं. मी असंच म्हणते. माझ्या ओळखीचे एक चांगले वाचक मात्र ‘बसला असला’ एका श्वासात घेतात. बसला-असला, दोन्ही चार-चार मात्रांचे, एका मापाचे, जोडीनं यावेत असेच शब्द. त्यांच्या म्हणण्यात बोट दाखवणं जातं आणि बसणं लांबतं. झाड केव्हापासून बसलंय कुणास ठाऊक, असा काहीसा सूर येतो. मी त्यांना यती दाखवली. त्यांनी मला पाचवी ओळ दाखवली, जिथे कवीनं स्वतःच शब्द रेघेच्या पलीकडे नेला आहे. यावर मला उत्तर सुचलेलं नाही. ओळ दोन्ही परींनी २७ मात्रांत बसते.